उभं धरायचं मूल

माझा पहिला मुलगा साडेचार महिन्यांचा होऊन गेला. एवढ्या काळात मी त्याला किती वेळा उचलून घेतलं, हे मला आजही बोटांवर मोजून सांगता येईल, आणि शेवटचे चार दिवस वगळले तर बोटंसुद्धा लागणार नाहीत. मी काही दगड नव्हतो. पण त्या वेळी आमच्या कल्याणात, निदान आमच्या आळीत, ज्याचा बाप हयात आहे अशा माणसाने बापासमोर स्वतःचं मूल अंगाखांद्यावर घ्यायचं नसे. भावाचं मूल घ्या, शेजाऱ्याचं घ्या, खांद्यावर बसवून खाडीवरचे पडाव दाखवायला न्या, कोणी काही म्हणणार नाही. स्वतःचं घेतलं की लोक म्हणत, काय हा निर्लज्ज! बायकोच्या बाबतीतही तेच. वडीलधाऱ्यांसमोर नवऱ्याने बायकोशी बोलायचं नाही, बायकोने नवऱ्याशी नाही. आमचं लग्न होऊन सहा वर्षं झाली होती, आणि माझ्या वडिलांनी आम्हा दोघांना एकमेकांशी बोलताना ऐकलं नव्हतं.

मीही असाच वाढलो. माझे आजोबा वारले तेव्हा मी सात वर्षांचा होतो. सुतक फिटलं त्या दिवशी वडिलांनी मला जवळ ओढलं आणि डोक्यावरून हात फिरवला. मी घाबरून आईच्या मागे जाऊन लपलो. मला वाटलं, आता मार बसणार.

मुलगा आजारी पडला तो पौष महिना होता. आगगाडी कल्याणला येऊन तेव्हा वीसएक वर्षं झाली असतील. मी मामलेदार कचेरीत कारकून होतो, तेवीस वर्षांचा, इंग्रजी चार यत्ता शिकलेला आणि तेवढ्याने डोक्यात वारं गेलेला. घरात कोणी काही म्हटलं की मी आधी नाही म्हणायचो आणि मग कारण शोधायचो. अशा माणसाच्या घरात मूल आजारी पडलं की आधी भांडण होतं, मग औषध.

खोकला चार दिवसांचा होता. पाचव्या दिवशी मुलगा अंगावर प्यायचा थांबला. तोंड लावायचा, दोन घोट घ्यायचा, सोडून द्यायचा आणि रडायला तोंड उघडायचा तर आवाजच नाही. श्वास घेताना नाकपुड्या फुलत आणि बरगड्यांखाली वाटीएवढा खड्डा पडे. आईने दुपटं बाजूला करून एकदा पाहिलं आणि म्हणाली, "डबा झालाय." तान्ह्या मुलांच्या या दुखण्याला आमच्याकडे डबा म्हणत, आणि त्यावर उपाय एकच: बिब्बा तापवून पोटावर डाग द्यायचा. तासाभरात डाग देणारी म्हातारी परसदारी येऊन बसलीसुद्धा.

मी दारात आडवा उभा राहिलो. म्हटलं, माझ्या मुलाला कोणी जाळायचं नाही.

"जाळायचं काय म्हणतोस रे?" आई म्हणाली. "तुझ्या पोटावर बघ. तीन आहेत. मेलास का तू?"

तीन होते, हे खरं होतं. म्हणून मी आणखी मोठ्याने ओरडलो. ठाण्याला इस्पितळ आहे, तिथे मुंबईला शिकून आलेला डॉक्टर आहे, आपण काय रानात राहतो का, असं बरंच बोललो. आई रडायला लागली. म्हातारी बिब्ब्याचं पुडकं बांधून निमूट बसली. माझी बायको आतल्या खोलीत मुलाला घेऊन उभी होती. तिला कोणी विचारलं नाही, मीही नाही.

वडील ओसरीवर होते. सगळं ऐकून ते एवढंच म्हणाले, "उद्याच्या पहिल्या गाडीने ठाण्याला न्या. मी येतो."

मला जिंकल्यासारखं वाटलं. आज ते आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

गाडीत मी वडिलांशेजारी बसलो आणि बायको समोर, पदर पुढे ओढून, मुलाला छातीशी धरून. पारसिकच्या डोंगरातला बोगदा आला तसा इंजिनाचा धूर डब्यात भरला. तिने मुलाला लुगड्याच्या आत घेतलं आणि त्याच्यावर ओणवी झाली. बोगदा काही लांब नाही, पण मला तो संपता संपेना. बाहेर आल्यावर तिने पदर बाजूला करून पाहिलं आणि मग माझ्याकडे पाहिलं. वडील बसलेले, त्यामुळे विचारता येईना. मी तिच्या डोळ्यांवरून ताडलं की श्वास चालू आहे. कळव्यापुढचा खाडीचा पूल ओलांडून ठाण्याला उतरेपर्यंत मी तिच्या डोळ्यांकडेच बघत होतो.

डॉक्टर तरुण होता, माझ्याहून चारपाच वर्षांनी मोठा असेल. त्याने मुलाच्या पाठीला कान लावला, बोटांनी ठोकून पाहिलं आणि म्हणाला, "उशीर झालाय, पण फार नाही. माझी एक अट आहे."

मी वडिलांकडे पाहिलं.

"माझ्याकडे माणसं नाहीत," तो म्हणाला. "या मुलाला चोवीस तास कोणीतरी हातात धरून बसायला हवं. आई एकटी पुरणार नाही. आई आणि बाप दोघंही इथे राहणार असाल, आणि शिकवीन ते आपल्या हाताने करणार असाल, तर ठेवून घेतो. नाहीतर बाटली देतो, घरी घेऊन जा. मी सगळ्यांना हेच सांगतो. बरेच जण बाटली घेऊन जातात."

बाप हा शब्द त्याने माझ्याकडे बघून उच्चारला. माझ्या वडिलांसमोर! माझे कान तापले. वडील म्हणाले, "राहतील दोघं," आणि उठून बाहेर व्हरांड्यात गेले.

आम्हाला शिकवलं ते तिथल्या एका किरिस्ताव बाईने. ती खाडीकाठच्या गावातली, पन्नाशीची, हाताने घट्ट आणि तोंडाने फटकळ. तिने मुलाला बायकोच्या हातातून घेतलं आणि सरळ माझ्या छातीवर ठेवलं.

"असा उबा धर, दादा. तोंड खांद्यावर. हात पाठीला. आडवा नाय करायचा, कदी नाय. आडवा केला का कफ गल्यान बसते, मंग श्वास बंद. आयकला काय?"

"ऐकलं."

"मंग बोल, काय आयकला?"

मी मामलेदार कचेरीचा कारकून. "आडवा करायचा नाही," असं शाळेतल्या पोरासारखं म्हणून दाखवलं, तेव्हा तिने मान डोलावली. मग तिने बायकोला जवसाचं पोटीस शिकवलं: जवसाचं पीठ गरम पाण्यात शिजवायचं, फडक्यात घालायचं, आपल्या गालाला लावून बघायचं आणि मग मुलाच्या छातीला बांधायचं, निवलं की दुसरं. कोपऱ्यात शेगडी होती, तिच्यावर एक पातेलं पोटिसाचं आणि एक किटली वाफेची. एकाने मुलाला धरायचं, दुसऱ्याने शेगडी सांभाळायची. नाक चोंदलं की कापसाच्या वातीने साफ करायचं. ओकारीचं औषध दिल्यावर कफ पडतो, तेव्हा घाबरायचं नाही, पालथा करून पाठ थोपटायची, पुन्हा उभा. चूल कोणाची, पाणी कोणाचं, हे प्रश्न बायकोने पहिल्या तासातच सोडून दिले. मला ते सोडायला संध्याकाळ झाली.

त्या चार दिवसांबद्दल खरं सांगायचं तर, मला मुलगा आहे हे मला तिथे कळलं. त्याआधी घरात एक मूल होतं; त्याचं रडणं ऐकू यायचं, बारशाला पेढे वाटले होते. आता त्याचं डोकं माझ्या मानेच्या खळग्यात होतं, ऊनऊन, घामेजलेलं, आणि त्याचा श्वास सूं सूं करत माझ्या कानाखालून जात होता. मी श्वास मोजायचो. मोजता मोजता मीही तसाच भरभर श्वास घ्यायला लागायचो आणि मला चक्कर यायची. त्याची मूठ माझ्या जानव्यात अडकली होती, ती सोडवायला मला धीर होत नव्हता. एवढा आनंद आणि एवढी भीती मला त्यापूर्वी एकाच वेळी कधी वाटली नव्हती. दुसऱ्या दिवशी दुपारी तो पाच घोट प्याला. बायकोने हाताची पाच बोटं करून मला दाखवली आणि आम्ही दोघं हसलो. ती मला म्हणाली, "इकडून छान धरणं होतंय बाई!" नवऱ्याला तेव्हा असंच, आडून, इकडून-तिकडून बोलायची रीत होती. डॉक्टर येऊन पाठीला कान लावून गेला आणि म्हणाला, "असंच चालू द्या."

वडील आत आले नव्हते. तलावाजवळ आमच्या लांबच्या नात्यातलं एक घर होतं, तिथे ते जेवायला-झोपायला जात आणि उजाडताच परत येऊन व्हरांड्यात दाराकडे पाठ करून उभे राहत. बाक होता, त्यावर बसत नसत. मला वाटायचं, विटाळाला भितात. जिथे सतरा जातींची माणसं, तिथे बसायचं कसं, पाणी प्यायचं कसं! मला त्यांचा राग आला होता. इथे नातू श्वासासाठी झगडतोय आणि यांना सोवळं सुचतंय, असं मी मनात म्हणत होतो. पण ते बाहेर आहेत म्हणून मला मुलाला छातीशी धरता येतंय, हा सरळ हिशेब माझ्या डोक्यात आला नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारची गोष्ट. मी मुलाला घेऊन खाटेच्या कडेवर बसलो होतो. बायको कोपऱ्यात शेगडीजवळ पोटीस ढवळत होती. ती बाई पलीकडच्या खोलीत गेलेली. इतक्यात दारात सावली पडली. मी मान वर केली तर वडील, हातात फडक्याची पुरचुंडी.

मी मुलाला खाली ठेवला.

विचार केला नाही. चटका बसल्यावर हात मागे येतो, तसं ते झालं. खाटेवर आडवा ठेवला, उठून उभा राहिलो, उपरणं सारखं केलं आणि मान खाली घातली. तेवीस वर्षं माझ्या अंगात जे मुरलेलं होतं, त्याला त्या बाईचे तीन दिवस कुठे पुरणार! बिब्ब्याशी मी भांडलो, आईशी भांडलो, पण या लाजेशीही भांडायचं असतं हे मला ठाऊक नव्हतं.

"पोहे आहेत, गूळ आहे," वडील म्हणाले. "खाऊन घे."

"हो."

"कचेरीत रजेचं कळवलंस?"

"हो. शेजारच्यांच्या हाती चिठ्ठी दिली."

"मामलेदार काय म्हणाले?"

त्याचंही मी उत्तर दिलं. काय दिलं ते आठवत नाही. कोपऱ्यात पळी पातेल्यावर आपटल्याचा आवाज झाला. मी तिकडे पाहिलं. बायको माझ्याकडे बघत होती, पदर पार कपाळाखाली ओढलेला, पण डोळे माझ्यावर. मला वाटलं, सासऱ्यांसमोर भांडी काय आपटते ही! पुन्हा एकदा पळी वाजली, जोराने. मी तिच्याकडे बघून कपाळाला आठ्या घातल्या. ती थांबली.

विडा लावून होईल इतका वेळ गेला असेल, जास्त नाही. मग ती बाई आत आली आणि दारातूनच किंचाळली, "कोनी आडवा केला रं त्याला?"

मुलाचे ओठ निळे पडले होते. तिने त्याला उचललं, पालथा केला, पाठीवर थापट्या मारल्या, तोंडात बोट घालून कफ ओढून काढला. किती वेळाने तरी एक बारीक आवाज आला. तो परत आला खरा. पण त्यानंतर त्याने दूध ओढलं नाही, आणि मूठही कशात अडकवली नाही. चौथ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला तो बायकोच्या छातीवर, उभा धरलेला असताना गेला.

मी डॉक्टरला विचारलं. तो म्हणाला, "छातीत फार भरलं होतं. तसाही गेला असता, कदाचित." भला माणूस होता. पण तो 'कदाचित' मला आजवर पुरला आहे.

एवढ्या लहान मुलाला जाळत नाहीत, पुरतात. मिठागरांच्या पलीकडे जागा होती. तिथवर त्याला मी नेलं, दोन्ही हातांवर, पांढऱ्या फडक्यात. वडील माझ्या शेजारून चालत होते. मेलेल्या मुलाला बापासमोर उचलायला आमच्याकडे कोणाची हरकत नसते. वाटेत माणसं भेटली, त्यांनी बाजूला होऊन वाट दिली, कोणी निर्लज्ज म्हणालं नाही. मी त्याला आडवा धरला होता आणि माझा हात पुन्हा पुन्हा त्याच्या पाठीखाली जाऊन त्याला उभा करू बघत होता.

घरी आई म्हणाली, "डाग दिला असता तर जगला असता." ती हे मरेपर्यंत म्हणत राहिली, आणि मी एकदाही भांडलो नाही. भांडायला तोंड कुठे होतं! बायको महिनाभर काहीच बोलली नाही. मग एकदा विहिरीवरून येताना, आजूबाजूला कोणी नाही हे पाहून थांबली आणि म्हणाली, "तिसऱ्यांदा वाजवायला हवी होती मी पळी." मी म्हटलं, तुझा काय दोष? ती म्हणाली, "तोंड होतं ना मला." आणि कळशी सावरून पुढे निघून गेली.

पुढे कचेरीच्या कामासाठी ठाण्याला जाणं झालं, तेव्हा त्या बाईसाठी एक लुगडं घेऊन गेलो. ती घेईना. शेवटी घेतलं आणि पायरीवर बसली.

"म्हातारा बरा हाय का?" तिने विचारलं.

बरे आहेत, म्हटलं. आणि मनात होतं ते तोंडातून गेलंच: "दोन दिवस आत आले नाहीत. विटाळाची भीती."

"कसला विटाळ?" ती माझ्यावर डाफरली. "उनान उबा रेला. मी बोलली, आत ये बाबा, सावलीन बस. तं बोलते कसा, मी आत गेलू का माजा पोरगा पोराला खाली ठेवल. मी हितंच बरा."

मी म्हटलं, "मग तिसऱ्या दिवशी आत का आले?"

तिने लुगडं मांडीवरून बाजूला ठेवलं. "तू दोन दिस काय खाल्ला नव्हता. मीच बोलली त्याला, तुजा पोरगा उपाशी हाय, बग जरा. मीच बोलली." आणि तिने पदर डोळ्यांना लावला.

म्हणजे मी एकटा नव्हतो. बायको, ती बाई, वडील, आम्ही चौघं आपापल्या जागी बसून एकच दुपार पुन्हा पुन्हा उलटत होतो. त्यातल्या वडिलांना मी काही विचारलं नाही. कल्याणला परत आलो तेव्हा ते ओसरीवर सुपारी कातरत बसले होते. मी जवळ जाऊन उभा राहिलो. "काय रे?" म्हणाले. "काही नाही," म्हटलं आणि आत गेलो.

दीड वर्षाने मुलगी झाली. बारशाच्या दिवशी माजघरात बायका, ओसरीवर आम्ही पुरुष: भटजी, आळीतले चौघे वडीलधारे, कचेरीतले दोघे. नाव ठेवून झालं, घुगऱ्या आल्या. वडील उठले. मला वाटलं, पाणी प्यायला. ते सरळ माजघरात गेले, जिथे बारशाला पुरुषाने जायचं नसतं, आणि आतला गलका एकदम थांबला. बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात दुपट्यात गुंडाळलेली मुलगी होती. मागे उंबऱ्यावर आई तोंडाला पदर लावून उभी, तिच्या मागे माझी बायको.

वडील माझ्यासमोर आले.

"धर," म्हणाले.

मी इकडेतिकडे पाहिलं. भटजी पंचांगात बघायला लागले. आळीतल्या एका म्हाताऱ्याने घसा खाकरला. मी हात पुढे केले आणि तिला जमेल तशी, घाबरत, मांडीवर घेतली. मान आपोआप खाली गेली होती.

"अरे, अशी नाही," वडील म्हणाले. "आडवी नको. उभी धर. तोंड खांद्यावर, हात पाठीला."

हे त्यांनी व्हरांड्यातून, दाराकडे पाठ करून ऐकलं होतं. मी तिला उभी धरली. तिने डोकं माझ्या मानेत खुपसलं आणि माझ्या कानाखालून श्वास जाऊ लागला, मोकळा. मी रडत होतो, सगळ्यांच्या देखत. वडील निघून गेले नाहीत. माझ्यासमोर मांडी घालून बसले आणि आम्हा दोघांकडे बघत राहिले.